हवेला सोडलेली जागा

हौसेरावांच्या गावाकडं, म्हणजे कोरेगावच्या बाजूला, पाहुण्याला चहा विचारला आणि तो लगेच 'हो' म्हणाला, तर लोक त्याच्या तोंडाकडं बघायचे. काय माणूस आहे, कधी चहा बघितला नाही की काय! पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. यजमानानं 'असं कसं' म्हणायचं. मग पुन्हा 'नको, आत्ताच झाला' म्हणायचं, भले सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नसेना का. तेव्हा कुठं यजमान दटावून कपबशी हातात देणार आणि पाहुणा 'तुम्ही काय ऐकायचे नाही' म्हणत फुरके मारणार. पहिले दोन 'नको' कुणी धरतच नसे. तिसरा आला तरच तो खरा.

ही रीत घेऊन हौसेराव विसाव्या वर्षी मुंबईत आले. पस्तीस वर्षं त्यांनी कांद्याबटाट्याची पोती पाठीवर वाहिली, आधी मशीद बंदरला आणि मार्केट हललं तसं वाशीला. कोपरखैरण्यात माथाड्यांच्या वसाहतीत दोन खोल्यांचं घर झालं. पुढं गुडघे गेले, बरोबरच्या हमालांच्या टोळीनं हार घालून घरी बसवलं, पण रीत काही गेली नाही. बायको मुक्ताबाई होती तोवर त्यांचं कधी अडलं नाही. ती भाकरी वाढायला आली की हे म्हणायचे 'बास', आणि ती बहिरी असल्यासारखी वाढायची. ती जाऊन चार वर्षं झाली. आता घरात सगळी सरळ माणसं, 'बास' म्हटलं की बास! सून सुनयना चेंबूरची, तिच्या माहेरी हवं तर हवं, नको तर नको. तिचा बिचारीचा काय दोष? पहिले काही महिने हौसेराव अर्धपोटी उठले, मग ताटावर बसतानाच 'दोन वाढ' म्हणायला शिकले. भाकरीपुरतं जमलं.

सत्त्याण्णवच्या एप्रिलात त्यांचा मुलगा रणजीत संध्याकाळी तळोज्याहून घरी आला. तो तिथल्या एका केमिकल कंपनीत फिटर. कंपनीनं हल्दियाला, पार बंगालात, नवा प्लांट उभा केला होता आणि चांगले फिटर तिकडं पाठवायचे ठरवलं होतं. कायमचं. पगार वाढवून, वर क्वार्टर. रणजीतनं 'हो' म्हणून टाकलं होतं. दारात बूट काढता काढता त्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही पण चला की आमच्याबरोबर?"

हौसेरावांना हेच हवं होतं. "नको रं," ते म्हणाले. "मी म्हातारा तिथं काय करनार? त्यांची भाषा तरी कळंल का मला?"

आणि ते थांबले. आता पोरगा म्हणेल, असं कसं बाबा. मग आपण आणखी एकदा आढेवेढे घेऊ. मग तो चिडेल, आणि मग काय, जाऊ.

रणजीतनं दुसरा बूट काढला. "बरं. मी पण सुनयनाला तेच म्हणत होतो. तुमची सगळी माणसं इथं." आणि तो हातपाय धुवायला गेला.

घ्या! झालं! माणसं म्हणे. टोळीतले निम्मे गावी गेले होते, उरलेले वर. हौसेराव दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला 'काय, निघालास?' विचारायचे, ही त्यांची माणसं. त्यांना वाटलं, उद्या विचारेल. उद्या नाही तर रविवारी. एप्रिल सरला, पोरगं काही पुन्हा विचारेना. आपण होऊन 'मला न्या' म्हणायचं? छे! पोराच्या दारात हात पसरल्यागत. त्यापेक्षा मुकं राहिलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं, आणि हट्टाला ते मार्केटात नावाजलेले होते.

जायचं कसं यावरून घरात मोठी चर्चा झाली. आठ वर्षांची नात राजेश्वरी म्हणाली, बटाट्या येणार नसेल तर मी पण येणार नाही. बटाट्या म्हणजे कुत्रा. दोन वर्षांपूर्वी हौसेरावांना तो मार्केटात बटाट्याच्या पोत्यांमागं सापडला, मुठीएवढा, मातकट. त्यांनी तो सदऱ्यात घालून घरी आणला आणि नातीच्या मांडीवर ठेवला. रेल्वेत कुत्र्याला गार्डाच्या डब्यात पिंजऱ्यात टाकतात म्हटल्यावर पोरीनं जेवणच सोडलं. शेवटी रणजीतनं एक जुनी मॅटाडोर घेतली. कुठल्याशा संस्थेचा फिरता दवाखाना होता तो, बाजूला लाल क्रॉस पुसट दिसत होता. फिटरच तो! महिनाभर सुट्टीच्या दिवशी वेल्डिंग करून त्यानं आत दोन फळ्यांचे पलंग बसवले, गॅसची शेगडी ठोकली, छपरावर पाण्याची टाकी चढवली, खिडक्यांना सुनयनानं जुन्या साडीचे पडदे शिवले. सगळी वसाहत बघायला येऊन गेली. "घरगाडी! घरगाडी!" करत राजेश्वरी दिवसातून पन्नासदा चढायची-उतरायची. नाशिक, धुळे, नागपूर, रायपूर, अशी आठ-दहा दिवसांची वाट होती. रांधायचं गाडीत, झोपायचं गाडीत.

निघायच्या आदल्या दिवशी सामान भरायची वेळ आली आणि रणजीतनं हात टेकले. भांड्यांचे डबे, शिलाई मशीन, गाद्या, कपाट, पोरीची सायकल. तीनदा भरलं, तीनदा दार लागेना. ओट्यावरून बघणाऱ्या हौसेरावांना राहवेना. पस्तीस वर्षं पोत्यांची थप्पी लावलेल्या माणसापुढं असली थप्पी!

"सरक बाजूला," ते म्हणाले. "सगळं खाली काढ."

मग त्यांनी भरायला घेतलं. गुडघे कुरकुरत होते, पण हातांना सगळं आठवत होतं. जड ते खाली आणि पुढं. शेवटी लागणारं आधी आत, वाटेत लागणारं दाराशी. मशीन पालथं नाही, आडवं. गाद्यांच्या पोटात काचसामान. दोन तासांत ढीगभर सामान असं बसलं की सुनयना म्हणाली, "अय्या बाबा, हे तर निम्म्या जागेतच मावलं!"

निम्म्या नाही, पण मावलं होतं खरं. आणि डाव्या बाजूला, कपाट आणि पलंग यांच्या मधे, त्यांनी एक पट्टा मोकळा सोडला होता. साडेपाच फूट लांब, दोन फूट रुंद. रणजीत दोर आणायला गेला आणि सुनयना आत भाकऱ्या थापत होती, तेवढ्यात हौसेराव हळूच चढले आणि त्या पट्ट्यात आडवे झाले. खांदे बरोबर मावले. पाय सरळ होत होते. खिडकीतून वारा येत होता. बटाट्या आला, त्यानं त्यांचा कान हुंगला आणि पोटावर हनुवटी टेकून तोही पडला. असं पडूनच बंगालात जावं असं त्यांना वाटलं, लई वाटलं. मग रणजीतची चाहूल लागली तसे ते धडपडत उठून बसले.

"बाबा, हे मधे मोकळं कशाला सोडलंय?"

विचारलं! हौसेरावांच्या जिभेवर आलं होतं. पण जीभ ती जीभ. "हवेला," ते म्हणाले. "थप्पीत हवेला वाट ठेवावी लागती. न्हाईतर माल घुसमटतो."

"अहो, हे काय कांदे आहेत?" रणजीत हसला.

"तुला काय कळतंय त्यातलं!" हौसेराव ओरडले, आणि रणजीत दोर बांधायला लागला. म्हाताऱ्याला आपण जातोय त्याचा राग आलाय, असं त्याला वाटलं. राग आलाच होता, पण जाण्याचा नव्हता.

संध्याकाळी राजेश्वरी कुत्र्याला साखळीनं ओढत ओट्यावर आली. तिचे डोळे लाल झाले होते. बहुतेक दुपारभर एकटीच कुठं तरी विचार करत बसली असावी. "आजोबा," ती म्हणाली, "मी बटाट्याला तुमच्याजवळ ठेवू का? तुम्ही एकटेच राहणार ना."

एवढी पोर! बटाट्या राहिला तर सकाळी उठायला कारण राहील, कुणाशी बोलायला राहील. हवा होता त्यांना तो कुत्रा. आणि तोंडातून, जन्माच्या सवयीनं, आलं काय?

"नको गं बाळ. तुझा हाय तो."

"बरं," राजेश्वरी म्हणाली, आणि असा काही सुटकेचा सुस्कारा टाकला की पुन्हा काही बोलायची सोयच उरली नाही. उड्या मारत गेली. पाच मिनिटांत मॅटाडोरमधून तिचा आवाज आला, "मम्मी, बटाट्याचं गोधडं त्या मोकळ्या जागेत टाकू? आजोबांनी हवेला ठेवलीय ना, ती?"

सकाळी सात वाजता नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. रणजीत पाया पडला. सुनयना पाया पडली, रडली, डब्यात पिठलं ठेवलंय म्हणाली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मागच्या काचेतून बटाट्या बघत होता आणि पोरगी त्याचा पंजा धरून हलवत होती. हौसेरावांनीही हात हलवला. मग ते घरात आले आणि कडी लावली, दिवसाढवळ्या.

घर केवढं झालं होतं! रिकाम्या भिंतीवर कपाटाच्या आकाराचा पांढरा चौकोन. हौसेरावांनी पिठलं खाल्लं, ताट धुतलं, ओट्यावर बसले, उठले, परत बसले. कुणाला हाक मारावी तर नावच सुचेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी भात केला तो चौघांना पुरेल एवढा, आणि भाकरीचा तुकडा मोडून खाली धरला, धरूनच राहिले. कुत्रा नाही हे लक्षात यायला वेळ लागला. मग मात्र ते रडले. मुक्ताबाई गेली तेव्हा चारचौघांत रडले होते, तेव्हा कुणीतरी पाठीवर हात ठेवायला होतं. आता कुणी ऐकेल अशी भीती नव्हती, म्हणून मोठ्यानं रडले.

शेजारच्या वैजयंतीबाई कऱ्हाडच्या, म्हणजे त्यांच्याच मुलखातल्या. त्या वाटीभर आमटी घेऊन आल्या. हौसेराव म्हणाले, "नको, जेवण झालंय माझं."

"झालं तर झालं," बाई म्हणाल्या आणि वाटी ठेवून गेल्या. हौसेरावांनी ती आमटी प्यायली आणि वाटीकडं बघत बसले. कऱ्हाडच्या बाईला कळतं आणि आपल्या पोराला कळत नाही, याचं काय करायचं? पोराला शिकवलं कुणी नाही. शिकवणारे आपणच, आणि आपण तर पहाटे मार्केटला.

तिसऱ्या दिवशी दुपारी वैजयंतीबाईंनी कंपाउंडवरून हाक मारली. फोन त्यांच्याकडेच होता. "भावजी, पळा! नागपूरवरनं तुमची नात!"

हौसेराव पळाले, गुडघ्यांना शिव्या घालत.

"आजोबा!" पोरगी ओरडत होती. "आम्ही नागपूरला आलो! मी संत्राबर्फी खाल्ली! आणि बटाट्याला ना, ती जागा खूप मोठी होते. तो एका कोपऱ्यातच झोपतो. पप्पा म्हणाले, तुझ्या आजोबांची थप्पी म्हणजे थप्पी. यात अख्खा माणूस आरामात झोपेल. पप्पांनी झोपून पण बघितलं, त्यांचे पाय बाहेर येतात. तुमचे नाही येणार, ना?"

"न्हाई," हौसेराव म्हणाले. "माझं न्हाई येत."

मग रणजीत आला. "बाबा, बरे आहात ना? जेवताय ना वेळेवर? काही लागलं तर वैजयंतीकाकूंना सांगा."

"बरा हाय."

"ठीक आहे मग. रायपूरहून करतो फोन. ठेवू?"

"ठेव," हौसेराव म्हणाले. आणि लगेच, बाईंची अख्खी खोली दणाणेल असे ओरडले, "थांब! रणजा, ठेवू नको!"

"काय झालं बाबा?"

"परत विचार की रं."

"काय विचारू?"

"एप्रिलात विचारलंस ते. एकदाच विचारलंस. एकदा विचारून कुणी सोडतं का, गाढवा? परत विचार."

तिकडून ट्रकांची घरघर ऐकू येत होती. वैजयंतीबाईंनी भाजी निवडायची थांबवली. हौसेरावांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

"बाबा," रणजीतचा आवाज अगदी बारीक झाला होता, "ती जागा..." आणि तो अडखळला. मग म्हणाला, "बाबा, येता का आमच्याबरोबर? आम्ही थांबतो इथं. मी स्टेशनवर येतो तुम्हाला घ्यायला. येता?"

आणि काय सांगावं, एवढं सगळं झाल्यावरही तो मेला 'नको' जिभेच्या टोकावर येऊन हजर! हौसेरावांनी तो आवंढ्यासकट गिळला.

"येतो," ते म्हणाले. "बटाट्याला जरा सरकायला सांग."