फटाकडीची चिठ्ठी

शब्दकोशाच्या कचेरीत, बायकांना लावायच्या बोलभाषेतल्या शब्दांचा खण माझ्याकडे आहे. ‘बाई’ पूर्वी मालकिणीला म्हणत, आता भांडी घासणारीला म्हणतात. ‘भवानी’ हे देवीचं नाव, त्याची शिवी झाली. असली घसरगुंडी मी वीस वर्षं लिहून ठेवतेय. पण परवा आमचे हे समोरच्या टेबलावरून नव्या मुलीला म्हणाले, “आली बघा फटाकडी!” आणि माझा तिळपापड झाला.

फटाकडी मी होते. मी नोकरीला लागले, त्याच आठवड्यात ह्यांनी मला ते नाव ठेवलं. वरवर मी नाक मुरडलं, पण त्या एका शब्दावर भाळून लग्न केलं. आता सगळे मला काकू म्हणतात. आणि ही मुलगी चक्क हसली! नाक मुरडायचीसुद्धा रीत नाही तिला.

ठरवलं, शब्दच बिघडवायचा. अर्थाखाली ‘हलका, निंदेचा’ असा शेरा मारायचा. पण शेरा बदलायचा तर आधी जुन्या चिठ्ठ्या काढून बघायच्या, असा आमचा नियम. प्रत्येक चिठ्ठीवर ऐकलेलं वाक्य असतं, कोण कोणाला म्हणालं ते असतं आणि तारीख.

पहिल्या चिठ्ठीवर लहान फटाका. दुसरीवर चटपटीत, तोंडाळ बाई. तिसरी ह्यांच्या अक्षरात: ‘आली बघा फटाकडी! कोण: स्वतः. कोणास: टंकलेखिकेस.’ तारीख मी नोकरीला लागण्याआधी दोन वर्षांची.

हे असे काटेकोर. चावटपणा केला तोही नोंदवून ठेवला! वीस वर्षं ती चिठ्ठी माझ्याच खणात होती. मी कधी काढली नाही, कारण तो शब्द मला पाठ आहे असं वाटायचं. नव्या मुलीवरचा राग उतरला आणि कधी न पाहिलेल्या त्या टंकलेखिकेवर चढला. मग तिथूनही उतरला. रडू मात्र आलं. डोळे पुसले आणि एक कोरी चिठ्ठी ओढून लिहायला घेतली.

तेवढ्यात ती मुलगीच आली. “काकू, फटाकडी चांगला शब्द की वाईट? सर मला म्हणाले, म्हणून विचारतेय.”

हे मान खाली घालून मुद्रितं तपासत होते. कान मात्र इकडेच.

मी तिसरी चिठ्ठी तिला दिली. “वाच. मोठ्यांदा. कोण, कोणास, तारीख, काही गाळू नकोस.”

तिने वाचलं. ह्यांची पेन्सिल थांबली. मी कोरी चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली.

“घे, आता तुझी लिही. माझी मी आत्ताच लिहिली.”