उलट्या तोंडाचं कुंपण

बेटावरच्या त्या एका खोलीच्या संग्रहालयात गेल्या वर्षी एकेचाळीस माणसं आली. त्यांतल्या एकोणीस जणांना मोरी हवी होती, आणि सहा जण बोटीला वेळ होता म्हणून सावलीला टेकले होते. उरलेल्या सोळांचा हिशेब दलेंदा फार खोलात जाऊन करत नसे, कारण त्यांत तीनदा तिची आईच होती.

खोलीच्या जमिनीवर सतराशे वर्षांपूर्वी कुणा धनिकाने रंगीत खडे बसवून करून घेतलेलं समुद्राचं चित्र होतं. मासे, ऑक्टोपस, एक होडी, आणि मासे अडवायचं खजुराच्या झावळ्यांचं कुंपण. तसली कुंपणं बेटाभोवतीच्या उथळ पाण्यात आजही उभी आहेत. दलेंदा ट्यूनिसला कलेचा इतिहास शिकून परत आली होती आणि या खोलीची राखण करत होती. आता पलीकडच्या किनाऱ्यावरून वरिष्ठ कचेरीचं पत्र आलं होतं: हिवाळ्याआधी भेटवहीत दोनशे सह्या दिसल्या नाहीत, तर चित्र उचलून गोदामात हलवण्यात येईल. गोदामात गेलेलं चित्र परत आल्याचं दलेंदाने तरी कधी ऐकलं नव्हतं.

म्हणून तिने पलीकडच्या स्फाक्स शहरातल्या साप्ताहिकात लेख लिहिला. 'उत्तरकालीन बहुरंगी शैलीचा परिपोष.' धक्क्यावर सापळे विणणाऱ्या जल्लूलचाचांनी तो अख्खा वाचला, हे विशेष. चाचा पेपर घ्यायचे ते मयताच्या बातम्यांसाठी.

"बेटी, यात मेलं कोण?" त्यांनी विचारलं. "दोन रकाने वाचले. शैली आजारी पडली इथवर कळलं, पुढे काही लागेना."

दलेंदाला राग आला. घरी जाऊन तिने लेख पुन्हा वाचला, तेव्हा तो राग हळूहळू चाचांवरून उतरून स्वतःवर आला. दुसऱ्या आठवड्यात तिने साधं लिहिलं: 'आपल्याकडे आजोबा-पणजोबांपासून कुंपणं आहेत. त्यांच्याही आधीचं एक कुंपण माझ्या खोलीत आहे. या आणि बघा. कुणाचं असेल बरं?'

शेवटचा प्रश्न तिने आपला गंमत म्हणून घातला होता. बेटावर जन्मलेल्या मुलीला तेवढी अक्कल हवी होती. इथे जमिनीसारखा समुद्रही घराण्यांत वाटलेला असतो. कुणाचं पाणी कुठवर, याचे दस्तऐवज पेटीत तळाला जपतात, आणि भावाभावांत बोलणं बंद असेल तर कारण बहुधा त्याच पेटीत सापडतं.

सोमवारी सकाळी जल्लूलचाचा पत्र्याचा डबा काखेत मारून हजर झाले. चित्रातल्या खडकावर बोट ठेवून म्हणाले, "हे आमचं पाणी. डावीकडे हा खडक, पुढे वळण. दस्तात तसंच आहे."

"तुमच्या आजोबांना पोहता तरी येत होतं का?" दारातून मबरूकाखाला गरजली. ही विधवा बाई आपली कुंपणं स्वतः कंबरभर पाण्यात उतरून बांधायची, आणि तिच्या पुढे बोलायची छाती बेटावर दोघातिघांचीच होती. "ते वळण आमच्या हद्दीतलं आहे!"

आठवडाभरात दाराशी चपला मावेनात. दलेंदा रोज मोजायची: बारा, तीस, चौसष्ट. पण वही जवळजवळ कोरीच.

"खाला, नुसती सही करा ना."

"सही? म्हणजे उद्या हा जल्लूल कोर्टात सांगणार, मबरूकाने माझ्या कुंपणाखाली सही दिली!"

चाचांचंही तेच. आणि हे दोघं जिथे सही करत नव्हते, तिथे बाकीचे कशाला करतील?

शनिवारी वरिष्ठ कचेरीचे फर्जानीसाहेब आले. लोकांतून वाट काढत ते मेजापाशी पोचले आणि त्यांनी वही उघडली. चार सह्या.

"आणि हे सगळे लोक, साहेब?" दलेंदा म्हणाली. "हे काय उभे आहेत!"

"उभ्या माणसांचा रकाना नाही या वहीत."

दलेंदाने खोलीभर नजर फिरवली. भांडण चालू ठेवलं तर गर्दी राहील, पण सही एक होणार नाही. खरं सांगितलं तर सहीची भीती जाईल, पण माणसंही जातील.

"ऐका," ती म्हणाली. "हे कुणाच्याच हद्दीचं चित्र नाही. त्या काळचे कारागीर ठरलेले नमुने घेऊन गावोगाव फिरायचे. हे करणाऱ्याने आपला समुद्र धड पाहिलाही नसेल. चूक माझी आहे, मी तसं विचारायला नको होतं."

मागचे दोघं चपला शोधू लागले. जल्लूलचाचांनी डब्याचं झाकण लावलं.

मबरूकाखाला मात्र ओणवीच होती. "तरीच! गाढवाने कुंपणाचं तोंड समुद्राकडे केलंय."

"म्हणजे?" दलेंदाने विचारलं.

"म्हणजे काय? मासा भरतीला आत येतो, ओहोटीला बाहेर निघतो, तेव्हा अडकतो. तोंड किनाऱ्याकडे हवं. याच्या कुंपणात वारासुद्धा अडकणार नाही."

सगळे वाकले. आठवडाभर जो तो हद्द बघत होता, कुंपण कुणी पाहिलंच नव्हतं. ट्यूनिसच्या चार वर्षांत हे कुठल्या पुस्तकात दलेंदाला भेटलं नव्हतं. "आपल्या आखातात भरती-ओहोटी मोठी," ती सावकाश म्हणाली. "बाकीचा हा समुद्र जागचा फारसा हलत नाही. म्हणजे हा माणूस तिकडचा. परका."

"परका!" खोलीत एकदम आनंद पसरला. मूर्ख परका ही तर सगळ्यांना परवडणारी गोष्ट होती.

"थांबा, थांबा." चाचा गुडघ्यावर बसले होते. "हा कुंपणाच्या कोपऱ्यातला सापळा बघा. खडे वेगळे, काळपट. आणि तोंड बरोबर किनाऱ्याकडे."

दलेंदाने तिच्या टिपणात त्याला 'नंतरची डागडुजी' म्हटलं होतं आणि पुढे गेली होती. "कुणीतरी मागे उभं राहून त्याला टोकलं असेल," ती म्हणाली. "खात्री नाही देता येत. पण असं होऊ शकतं."

"आमच्या घराण्यातला असणार," चाचा म्हणाले.

"तुमच्या घराण्यात कुणी ओहोटीला वेळेवर उठलंय का? बाई असणार ती," खाला म्हणाली. "नवऱ्याचा डबा घेऊन आली असेल, बघितलं असेल, आणि राहवलं नसेल." मग तिने वही ओढली. "हद्द नाही ना यात? मग भीती कसली!" तिने सही केली. चाचांनी तिच्या खाली करायला साफ नकार दिला आणि नवं पान उघडलं.

बोटीची वेळ झाली तेव्हा सह्या सत्त्याऐंशी भरल्या. दोनशे नव्हेत. फर्जानीसाहेबांनी दोनदा मोजल्या, जराशाने कागदावर लिहिलं: 'वसंतापर्यंत जागेवरच ठेवावे.' पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग बूट काढून ते चित्राच्या कडेला बसले.

"ओहोटी," त्यांनी हळूच विचारलं, "नेमकी कुठल्या बाजूला म्हणालात?"

अकरा बोटं एकदम पुढे आली, आणि त्यांतली दोन, चाचांचं आणि खालाचं, वेगवेगळ्या दिशांना.