सूत्राचा शृंगार आणि ॲसिडची टाकी

राजश्रीचा पाय टेबलाखाली इतका थडथडत होता, की तळोज्याच्या त्या रसायन कारखान्यात नवा पंप बसवलाय असं खालच्या मजल्याला वाटलं म्हणे.

साडेदहा वाजले होते. अकराला ॲसिडच्या टाकीपाशी गळतीची रंगीत तालीम, बघायला बाहेरचे तपासनीस. आणि टाकीवरचा कोड स्कॅन केला की फोनवर उघडत होती कॉस्टिक सोड्याच्या टाकीची सूचना: ‘भरपूर पाणी मारा.’ टाकीखालच्या परातीत तर सकाळपासून खरंच ॲसिड ठिबकत होतं. त्यावर पाणी पडलं, की ते उसळून मारणाऱ्याच्याच तोंडावर.

पाणी मारणारे होते टाक्यांवरचे जुने कामगार वामनदादा. गेल्या तालमीत त्यांनी स्वतःची अक्कल चालवली आणि मेमो खाल्ला. आता निवृत्तीला तीन महिने. त्या मेमोपासून फोन सांगेल ती पूर्व दिशा.

ते दारात येऊन उभे राहिले. “काय गो राजश्री, सगल्या टाक्यांना एकच रोग झाला काय?”

“दादा, काल मी फक्त शीर्षकं सजवली हो.”

खरंच तेवढंच. कंपनीच्या विकीवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या आतल्या वहीत, सगळ्या टाक्यांच्या एकाच लांब पानावर, प्रत्येक टाकीच्या शीर्षकात तिने नावाऐवजी गणिताच्या मांडणीतली रासायनिक सूत्रं बसवली होती. आकडे कसे खाली, चमकीएवढे नाजूक. तेव्हा ती दोनदा उठून लांबून बघून आली होती. आज सकाळपासून तिने ब्राउझर बदलले, सूत्रं लहान केली, चहावर साय धरू दिली. काही हललं नाही.

“आमी होरीला दर नारली पुनवेला रंग देताव,” दादा म्हणाले. “नावपन बदलताव. पन ती बांदायचा खुटा कोन उपटतो काय?”

पाय थांबला.

कोड जायचा शीर्षकाच्या अक्षरांतून बनलेल्या पत्त्यावर. अक्षरांच्या जागी सूत्र आलं, जुना पत्ता पुसला. पत्ता सापडेना, की पान मुकाट माथ्यावर उघडायचं. आणि माथ्यावर होतं कॉस्टिक. तिने मान वर केली तोवर दादा गेले होते.

तिने ॲसिडच्या शीर्षकावर एक न दिसणारा खुंटा ठोकला: कोडमधला जुना पत्ता, जसाच्या तसा. तिच्या पडद्यावर पान बरोब्बर ॲसिडवर उतरलं. अकरा वाजून एक मिनिट. तालमीचा भोंगा सुरू झाला होता. मग ती खुर्चीवरून उठली. दादांच्या फोनने सकाळचंच पान साठवून ठेवलं असेल तर?

ती अशी धावली, की हेल्मेट मागून पोचलं.

दादा नळाशी उभे होते. एका हातात फोन, दुसरा हात चाकावर. तपासनीस घड्याळ बघत होते.

“फोन पानी बोलतो,” दादा शांतपणे म्हणाले. “हात ‘नाय’ बोलतो. तीनदा स्कॅन केला.”

राजश्रीने अंगठ्याने पान खाली ओढलं. पडद्यावरचा गोल फिरला, फिरला, आणि पान धपकन खाली उतरलं: ‘पाणी मारू नका. कोरडी वाळू टाका.’

दादांनी वाळूची बादली अशी ओतली, जणू वर्षभर तीच धरून बसले होते.

“चार मिनिटं उशीर,” तपासनीसांनी लिहिलं.

“लिव्हा,” दादा म्हणाले. “मी यो पन मेमो खाईन. तोंड तर हाय खायला.”

“तो मेमो माझ्या नावावर लिहा, साहेब,” राजश्री म्हणाली, आणि उत्तराला न थांबता जिना चढू लागली. अजून सत्तावीस टाक्यांना खुंटे नव्हते.