थेंब आणि सरांचा खोकला

आमच्या प्रयोगशाळेचे नियम तीनच. चपला बाहेर काढायच्या, पंखा लावायचा नाही, आणि टकटक करून हाक येईपर्यंत दारात थांबायचं. नियम केले सरांनी. मोडतातही सरच.

"सापडला का गं थेंब?" म्हणत ते धाडकन दार उघडतात. दारातून वारा येतो आणि सापडलेला थेंब जातो. दाराला कडी नाही, आग लागली तर अडचण नको म्हणून काढून टाकलेली. तीही सरांनीच.

काम म्हटलं तर साधं. काचेच्या डबीत मिठाच्या पाण्याचं धुकं फवारायचं आणि खालून लेझर सोडायचा. नशीब असेल तर धुक्यातला एखादा थेंब त्या उजेडावर अधांतरी अडकतो. मग डबीतली हवा हळूहळू कोरडी करायची आणि थेंब कसा आटतो ते मोजायचं. दम्याच्या औषधाच्या फवाऱ्याचं छातीत पोचेपर्यंत काय होतं, ते यावरून कळतं. एकच थेंब शेवटपर्यंत आटला असता तर माझा प्रबंध पुरा झाला असता. लेझर मात्र उसना. त्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या विभागाची माणसं तो न्यायला येणार होती, आणि परत कधी मिळेल ते देवच जाणे.

सकाळी एक अडकला. हवा कोरडी केली तरी तसूभर आटेना. सर हरखले. "काय चिवट आहे बघ!" म्हणत त्यांनी संचालकांना फोनही लावला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मी पडद्यावर नीट पाहिलं. थेंब गोल असतो, याला केस होते.

"सर, हा तुमचा मफलर आहे."

"काय?"

"मफलरची लोकर. थेंब नाही."

फोन त्यांच्या कानालाच होता. नंतर दुपारभर ते फिरकले नाहीत, तरी माझे थेंब पडतच राहिले. नाकी नऊ आले. डबी उचलून भिंतीवर आपटावी असं वाटत होतं.

शेवटी एक अडकला. गोल, स्वच्छ. मी हवा कोरडी करायला घेतली आणि तो आटू लागला. तेवढ्यात टकटक झाली. मग काहीच नाही. कुणीतरी चक्क थांबलं होतं.

"या. हळू."

सर आले. अनवाणी, मफलर न घालता. दार अलगद लावून तिथेच उभे राहिले. थोड्या वेळाने बाहेरून दारावर थाप पडली. "लेझर न्यायचाय!"

सरांनी दाराला पाठ लावली. बाहेरची माणसं ढकलू लागली तसे ते पाय रोवून उभे राहिले. त्यात त्यांना खोकला आला. मफलर काढल्याचा परिणाम. दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी गळू लागलं. एरवी क्षणभर गप्प न बसणारा माणूस, पण ब्रही काढला नाही.

थेंब आटत गेला, आटत गेला, आणि एकदम लुकलुकला. मिठाचा खडा झाला होता. आकडे सगळे नोंदले गेले होते.

"झालं, सर."

तेव्हा ते असे खोकले की डबी हादरली आणि खडा उडून गेला. मागून दार उघडलं, दोन माणसं आत आली. सर भिंतीला धरून कसेबसे सरळ झाले. डोळे पुसत म्हणाले, "सापडला का गं?"

माझ्या थेंबापायी त्यांनी असा जीव कोंडून धरल्याचा मला इतका राग आला की रडूच फुटलं.

"सापडला, सर."