छाननीच्या खोलीतला आकड्यांचा नकाशा

मित्रांनो, नकाशा म्हटले की तुम्ही आधी निळ्या रेघा शोधता, म्हणजे नद्या. मग तपकिरी डोंगर, मग राजधानीचा तारा. माझ्यावर यातले काहीच सापडायचे नाही. मी जुना नकाशा आहे खरा, पण मी आकड्यांचा नकाशा आहे. कुठल्या गावाचा पोस्टकोड कोणता, एवढेच मला ठाऊक. तेवढ्या ज्ञानावर मी पुष्कळ वर्षे एका भिंतीवर मानाने मिरवलो.

माझा जन्म टपाल कचेरीतल्या छाननीच्या खोलीत झाला. लांबट खोली, तीन उंच खिडक्या, मधोमध पत्रा ठोकलेले मोठे टेबल आणि भिंतीला लागून लाकडी खणांची मांडणी. टेबलावर थैली उलटी करायची, पत्रे सरळ लावायची, पत्ता वाचून ज्या त्या खणात टाकायची, हे तिथले काम. खोलीला लाखेचा आणि तागाचा वास होता. माझ्या अंगाला तो अजूनही थोडा येतो.

त्या वर्षी आमच्या छोट्याशा देशात पोस्टकोड नुकते सुरू झाले होते. प्रत्येक टपाल कचेरीला पाच आकडी क्रमांक मिळाला होता आणि त्यांचे जाडजूड पुस्तक खोलीत येऊन पडले होते. सगळ्यांची तारांबळ उडाली. एकेका पत्रासाठी पुस्तक उघडायचे, बोटाने रांग शोधायची, तोवर पुढची थैली हजर.

सगळ्यात जास्त वैतागले होते ते तात्या. तात्या तिथले सर्वांत जुने सॉर्टर, म्हणजे पत्रे लावणारे. तरुणपणी त्यांनी वीस वर्षे टपालाच्या डब्यात, धावत्या गाडीत उभे राहून पत्रे लावली होती. कुठले गाव कुठल्या स्टेशनाला उतरते हे त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. ते म्हणायचे, गावाला चांगलं आईबापांनी ठेवल्यासारखं नाव आहे, मग नंबर कशाला? नंबर तुरुंगात देतात.

मला जन्म दिला तो बाईंनी. सगळे त्यांना नुसते बाईच म्हणत. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, बोलणे कमी, हात भरभर. त्यांना ते पुस्तक काही केल्या पाठ होईना. डोळ्यांपुढे दिसल्याशिवाय माझ्या डोक्यात काही शिरत नाही, असे त्या पोस्टमास्तरांना म्हणाल्या, आणि चित्रकलेचे चार मोठे कागद घेऊन आल्या. एका फाटक्या टपालथैलीचे कापड धुऊन, इस्त्री करून, त्यावर त्यांनी ते कागद कणकेच्या खळीने चिकटवले. तेच माझे अंग. जेवणाच्या सुट्टीत पोळीचा शेवटचा घास तोंडात असतानाच त्या माझ्यावर वाकत. आधी प्रत्येक टपाल कचेरीचा ठिपका. ठिपक्याशी बारीक अक्षरात कोड. हे काम तीन महिने चालले.

मग त्यांनी एक गंमत केली. सर्वांत लहान क्रमांकावर लाल पेन्सिल टेकवली आणि चढत्या क्रमाने ठिपके जोडत निघाल्या. बघणारे हसत होते. त्यांना वाटले, मांजराने लोकरीच्या गुंड्याचा करावा तसा गुंता होणार. तसे झाले नाही. रेघ बंदरापासून निघाली, समुद्राच्या कडेने वर गेली, एका जंक्शनाशी वळली आणि आत शिरली.

तात्या चहाचा पेला घेऊन मागे उभे होते. त्यांनी पेला खाली ठेवला.

"बाई, ही तर माझी गाडी आहे," ते म्हणाले.

आणि खरेच तसे होते. क्रमांक देणाऱ्यांनी जुन्या टपालगाडीच्या वाटेनेच क्रमांक दिले होते. तात्या बोटाने दाखवू लागले, इथे इंजिन पाणी घ्यायचे, इथे गाडी न थांबता थैली फेकायची, इथल्या स्टेशनमास्तरला घाई फार. बाईंनी पेन्सिल त्यांच्या हातात दिली. उरलेले जोडकाम दोघांनी मिळून केले. तात्यांनी आकड्यांना नावे ठेवणे काही सोडले नाही, पण त्यांचा आवाज उतरला.

रंग मला बाईंच्या मुलीच्या रंगपेटीतून मिळाले. पहिला आकडा एक असेल तो भाग पिवळा, दोन असेल तो हिरवा, असे करत गेले. चारपर्यंत येता येता लाल रंग संपला, म्हणून माझा चारचा पट्टा फिकट गुलाबी आहे. बाहेरून येणारे त्याचे कारण विचारायचे आणि पोस्टमास्तर न हसता सांगायचे की ते वरच्या कचेरीचे धोरण आहे. मी भिंतीवर चढलो आणि महिन्याभरात ते जाड पुस्तक उघडायची गरजच उरली नाही.

बाईंना मात्र नाद लागला. आपल्याकडे आकडे गाडीने फिरले, मग इतर देशांत कसे फिरले असतील? त्यांनी देशोदेशींच्या टपाल खात्यांना पत्रे लिहिली. काहींनी उत्तर दिले नाही, काहींनी पुस्तिका धाडल्या. माझ्या चारी कडांना बाईंनी तळहाताएवढे बारा नकाशे काढले. एका विशाल देशात शून्य पूर्वेच्या किनाऱ्यावर सुरू होतो आणि नऊ पार पश्चिमेच्या समुद्रात पाय बुडवतो. एका देशात जिल्ह्यांना त्यांच्या नावांच्या वर्णक्रमाने आकडे दिलेले, त्यामुळे शेजारी शेजारी राहणाऱ्या जिल्ह्यांचे आकडे एकमेकांपासून कोसभर लांब. एका ठिकाणी अक्षरे आणि आकडे मिसळलेले, आणि जेमतेम पंधरा-वीस घरांमागे एक कोड. काही देशांत कोड नव्हतेच. त्यांची जागा बाईंनी कोरी ठेवली आणि खाली लिहिले, इथे नाव पुरते.

या बारांतल्या एका नकाशासमोर तात्या जरा जास्त वेळ थांबतात, हे आधी माझ्या ध्यानात आले, मग बाईंच्या. एके दुपारी खोलीत दोघेच असताना बाईंनी त्यांना विचारले, तिकडे तुमचं कोणी आहे का? तात्यांनी आपल्या खणाचे कुलूप काढले आणि एक पत्र आणून टेबलावर ठेवले.

तात्यांचा धाकटा भाऊ तीस वर्षांपूर्वी त्या देशात काचेच्या कारखान्यात कामाला गेला होता. दर महिन्याला त्याचे पत्र यायचे. त्याची बायको वारली, कारखाना सुटला, तो लेकीजवळ दुसऱ्या गावी राहायला गेला. तिथून आलेले हे पहिले पत्र वाटेत कुठेतरी भिजले होते. शिक्का पुसला होता आणि वर लिहिलेला नवा पत्ता म्हणजे एक निळा डाग होता. त्यात कोडचे पहिले दोन आकडे तेवढे दिसत होते. पत्राचा शेवट मात्र स्वच्छ होता. भावाने लिहिले होते, इथे आता माझे मन लागत नाही. कायमचा परत यावे म्हणतो. तुझ्याकडे राहू का? तुझे उत्तर आले की निघतो.

त्या पत्राला दोन वर्षे झाली होती. तात्यांनी जुन्या पत्त्यावर तीन पत्रे टाकली. तिन्ही परत आली.

"दोन वर्षं तुम्ही हे कुणालाच सांगितलं नाहीत?" बाई म्हणाल्या.

"काय सांगणार? जन्मभर लोकांची पत्रं पोचवली मी. माझंच पत्र कुठल्या खणात टाकायचं ते मला कळत नाही, हे सांगू?"

बाईंनी माझ्या कडेचा तो छोटा नकाशा मोठ्या कागदावर पुन्हा काढायला घेतला. त्या देशात कोडचे पहिले दोन आकडे जिल्हा सांगतात. तो जिल्हा समुद्राकाठी होता, आणि त्यात एकशे सहा टपाल कचेऱ्या होत्या. मग त्यांनी तात्यांना पत्र मोठ्याने वाचायला लावले, पुन्हा पुन्हा. भावाने लिहिले होते की खिडकीतून मिठाचे ढीग दिसतात, आणि पलीकडच्या बेटावर जाणारी बोट रोज सकाळी भोंगा देते. बाईंनी मुलीच्या शाळेतून मोठा ॲटलास मागून आणला. मिठागरे कुठे, बेटाकडे जाणारी तुटक रेघ कुठून निघते, हे बघत एकेक ठिपका खोडत गेल्या. शेवटी चार गावे राहिली.

तात्यांनी एकच मजकूर चार वेळा लिहिला. दोनच ओळी होत्या. लगेच ये. तुझी खोली रिकामी आहे. चार पाकिटांवर चार कोड घातले, आणि आयुष्यात पहिल्यांदा आकडे त्यांनी अक्षरांहून मोठे काढले.

पाचव्या आठवड्यात पहिले पाकीट परत आले. सातव्या आठवड्यात दुसरे. तिसरे परत आले तेव्हा तात्यांनी ते स्वतःच थैलीतून उचलले, आणि बाकीची पत्रे लावत राहिले. चौथे आले नाही. पोस्टमास्तर म्हणाले, आलं नाही म्हणजे पोचलं. तात्या म्हणाले, किंवा हरवलं. त्या दिवसांत सकाळची थैली उलटी झाली की सगळी खोली काम करता करता तात्यांच्या हातांकडे बघायची.

उत्तर आले तेव्हा तात्या जिन्यात होते. बाईंना शिक्का दिसला. त्यांनी पत्र खणात टाकले नाही. धावत जिन्यात गेल्या. तात्यांनी ते माझ्यासमोर उभे राहून उघडले, म्हणून मलाही ऐकता आले.

"दादा, तुझं उत्तर येईना, तेव्हा मी समजलो की तुला मी यायला नको आहे. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. मग मी इथेच रुजलो. लेकीची दोन्ही मुलं आता माझ्याशिवाय जेवत नाहीत. कायमचं येणं आता होणार नाही. पण तुला भेटायला येतो."

तात्या खुर्चीवर बसले. पत्राची घडी घालत म्हणाले, नको आहे असं वाटलं त्याला. दोन वर्षं वाटत होतं.

भाऊ आला. तीन आठवडे राहिला. एकदा तात्या त्याला कचेरीत घेऊन आले. चेहरा अगदी तात्यांचा, फक्त केस जास्त. त्याने माझ्या कडेवरच्या त्याच्या देशावर बोट ठेवले आणि तात्यांकडे बघून म्हणाला, एवढंसंच आहे होय हे? मग दोघे हसले, आणि हसता हसता धाकट्याने डोळे पुसले. तो परत गेला. पुढे तात्या होते तोवर दर महिन्याला त्याचे पत्र येत राहिले, कोड सुबक, एकेक आकडा सुटा सुटा काढलेला.

मित्रांनो, यानंतरची माझी वर्षे फार सांगण्यासारखी नाहीत. तात्या निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेले. बाईही निवृत्त झाल्या. कोड वाचून पत्रे लावणारे यंत्र आले. ते तासाला हजारो पत्रे लावायचे आणि त्याला भिंतीकडे बघायची गरज नव्हती. एका सकाळी मला उतरवून गुंडाळले आणि मोडक्या स्टुलांच्या खोलीत उभे करून ठेवले. राग आला नाही. यंत्र काम चोख करत होते. पण गुंडाळून ठेवले की नकाशाचा पूर्व किनारा पश्चिमेला टेकतो आणि मधला सगळा देश अंधारात जातो, हे त्या खोलीत कळले. कसरीने माझा एक कोपरा खाल्ला. त्यात बारांतला एक देश गेला. नंतर इमारत रंगवायला काढली, तेव्हा रंगाऱ्यांनी मला फरशीवर अंथरले. माझ्या समुद्रात आज जी पांढरी बेटे दिसतात, ती कुठल्याही देशाची नाहीत. ती छतावरून पडलेली आहेत.

परीक्षेचे कागद पाठवायला आलेल्या एका शिक्षिकेचा पाय माझ्यावर पडता पडता राहिला. ती खाली वाकली, मग गुडघ्यांवर बसली. रंगाऱ्यांशी थोडी हुज्जत घालून ती मला शाळेत घेऊन गेली. तेव्हापासून मी भूगोलाच्या वर्गात आहे. मुले माझ्यावर आपले घर शोधतात, मग मामाचे, मग आत्याचे. चारचा पट्टा गुलाबी का, हे मात्र इथे कुणालाच सांगता येईना. म्हणून शिक्षिकेने टपाल कचेरीत चौकशी केली आणि बाईंचा पत्ता मिळवला.

मागच्या महिन्यात बाई आल्या. हातात काठी, जाड चष्मा, अंबाडा एवढासा. मुलांना त्यांनी गाडीची लाल रेघ दाखवली, तात्यांची हकिगत सांगितली, रंगपेटीचेही खरे सांगून टाकले. मग विचारले, कुणाला काही विचारायचंय का?

शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"आमची वसाहत यात नाही," ती म्हणाली. "मी सगळीकडे बघितलं."

शिक्षिका समजावू लागली की नकाशा जुना आहे, वसाहत नवी आहे. बाईंनी तिला थांबवले. मुलीला कोड विचारला. तिने घडाघडा पाच आकडे सांगितले. बाई माझ्याजवळ आल्या. त्यांचा श्वास मला लागत होता. बोटाने त्यांनी दोन ठिपक्यांमधली जागा शोधली, शिक्षिकेकडून पेन्सिल घेतली, आणि हात स्थिर होईपर्यंत थांबल्या. मग एक ठिपका काढला. शेजारी पाच आकडे. थोडे वाकडे आले आहेत, पण वाचता येतात.

मुलगी जवळ येऊन बघत राहिली. मग म्हणाली, हं, बरोबर आहे.

मित्रांनो, माझी निगा ठेवा एवढेच सांगायचे आहे, आणि निगा म्हणजे नुसते फडके मारणे नव्हे. ओल्या फडक्याने तर मुळीच पुसू नका, माझे रंग कच्चे आहेत. माझ्याकडे बघत जा, माझ्यात चूक काढत जा, जे नवे झाले ते माझ्यावर लिहीत जा. तुमचे घर माझ्यावर नसेल, तर गप्प बसू नका. उभे राहून सांगा. जागा आहे.