साध्या पाण्यातली साखर

तिने साध्या पाण्याची आणि साखरेच्या पाण्याची नळी शेजारीशेजारी ठेवून मशीनचं झाकण लावलं. रक्त तपासणाऱ्या या मशीनचा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. पडद्यावर आकडे उमटले. साखर साध्या पाण्यात निघाली, साखरेच्या पाण्यात शून्य.

"बघा, सर."

कंपनी सरांची. ते वाकून पाहत राहिले.

"तू मध्ये काहीतरी घातलंयस."

"एक थ्रेड क्षणभर थांबवला, बस. एरवी क्वचितच होतं हे, म्हणून मुद्दाम घडवून आणलं. दोन नळ्यांचे दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधली एकाच वेळी चालणारी दोन कामं, एकाच जागेत निकाल लिहितात, मग अदलाबदल होते. एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला आत सोडायचं नाही, म्हणून मी म्यूटेक्स, एक कुलूपच, घातला होता. तुम्ही काढलात."

"त्याने मशीन रडतखडत चालत होतं. गिऱ्हाइकं वैतागली होती."

म्यूटेक्स परत घालायला सर लगेच तयार झाले. विकलेल्या मशीनलाही अपडेट जाणार होतं, पण 'किरकोळ सुधारणा' म्हणून. आधीच चुकीचे गेलेले रिपोर्ट? कुणाचे ते कळायला मार्ग नाही, मग लोकांच्या जिवाला घोर कशाला? ती तावातावाने भांडली. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"आत्ता बोभाटा केलास तर कंपनी बुडेल. तुझ्या टीममधल्या पोरांना तूच सांग मग, उद्यापासून येऊ नका म्हणून."

तिने दोन्ही नळ्या बेसिनमध्ये ओतून टाकल्या.

जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"ताईचा रिपोर्ट आला गं! साखर अगदी नॉर्मल. सातव्या महिन्यात उगाच धास्ती घेऊन बसली होती पोर."

"कुठे केली तपासणी?"

"तुमचं मशीन आहे ना, त्याच लॅबमध्ये. लांब पडतं, पण म्हटलं, आपल्या पोरीच्या हातचं आहे. डोळे झाकून जावं."

तिने डब्याचं झाकण लावलं.

"आई, आजच पुन्हा करून घ्या. दुसऱ्या लॅबमध्ये."

"का गं? काही चुकलंय का?"

काचेपलीकडे सर नव्या गिऱ्हाइकाला मशीन दाखवत होते.

"नाही. खात्री असलेली बरी."

"मग शेजारच्या वहिनींनाही सांगते. ताईच्या मागोमाग त्यांनीही रक्त दिलं. त्यांची साखर भलतीच निघालीय, बिचाऱ्या सकाळपासून रडतायत."

ताईची साखर वहिनींच्या नावावर गेली असणार; वहिनींनीही पुन्हा तपासलं, की बोभाटा होणार.

"हॅलो? सांगू ना त्यांना?"

"नको," ती म्हणाली. "त्यांना काही बोलू नकोस."