उकिरड्याचा पहिला नंबर

माझे सासरे आसाराम यांना परीक्षा एकच कळते, मुलगी दाखवण्याची. पाहुणे येणार म्हटलं की घरातलं चांगलं ते पुढं करायचं आणि बाकीचं आत लोटून द्यायचं. माती तपासायला द्यायची म्हटल्यावर त्यांनी तेच केलं.

वडवणीच्या रस्त्याला आमचा एक एकर आहे. त्यात चार गाईंच्या मुरघासासाठी, म्हणजे मुरवून साठवायच्या चाऱ्यासाठी, मका करायचा होता. गाई माझ्या, म्हणून घोरही मलाच. कृषी सहायक मॅडमनी बजावलं होतं, शेतात नागमोडी चालत आठ ठिकाणची माती घ्या, कालवा आणि त्यातली अर्धा किलो द्या. म्हणजे मक्याला स्फुरद किती लागेल ते कळेल. नेमका मला ताप आला आणि पिशवी मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, हाती गेली.

कागद आला. स्फुरद भरपूर! मामांनी तो पारावर नेऊन वाचला. शेजारच्या सटवाभाऊंचा 'कमी' आला होता, म्हणून त्यांना दोनदा वाचून दाखवला. "आमच्या रानाला डीएपी लागत न्हाई," हे सांगताना ऐट अशी, जणू स्फुरद यांनीच लहानाचं मोठं केलं.

मीही कागदावर विश्वास ठेवला आणि डीएपी हे स्फुरदाचं खत न देता मका पेरला. पंचवीस दिवसांत पानं जांभळी पडली. मका वीतभर आणि रंग पैठणीचा. मॅडमनी येऊन पानं उलटून बघितली. मग म्हणाल्या, "हे स्फुरद कमी पडल्याचं लक्षण आहे. माती कुठली दिली होती?"

मी मामांकडं पाहिलं. मामांनी बांधापलीकडं पाहिलं. तिथं आमचा वीस वर्षांचा शेणखताचा उकिरडा होता.

"मामा, तिथली दिली?"

"मग काय खडकाडाची देऊ? तपासायला चालली हुती ती! आता टाकू की लई डीएपी."

मॅडमनी मान हलवली. स्फुरद पेरतानाच मुळाशी द्यायचं असतं, आता वरून टाकून फारसं हाती लागणार नव्हतं. मुरघास निम्म्यावर येणार आणि एक गाय विकावी लागणार, हे मला उभ्या उभ्या कळलं. मग मी सासरे म्हणून एक शब्द गिळला नाही. "उकिरड्याला पहिला नंबर मिळवून दिलात तुमी!" मॅडम हळूच गाडीकडं सटकल्या.

मामा बांधावर टेकले.

"रान तुझ्या नावावर केलंय ना गेल्या साली," ते म्हणाले. "पिशवीत चिठ्ठी टाकायची हुती. तुझं नाव लिव्हलं, अन् वाटलं, ह्या नावाखाली 'कमी' आलं तर पारावर कसं वाचू?"

माझ्या रागाचा पार विचका झाला. डोळे भरून आले, आणि त्याचाही राग आला, कारण रडून गाईचं पोट भरत नाही.

"कमी तर कमी, मामा. रान माझं हाय ना? मग हाय तसंच लिव्हू द्या."

मामांनी मान डोलावली. जरा वेळानं खाली बघतच विचारलं, "कोणती गाय इकायची?"